आसरा आणि चोरवाट



चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा ‘सरकारचे आश्रयाचे धोरण आणि सीमेवरील चोरटी ये-जा’ असे लांबलचक नाव आम्ही कळविले. त्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मोठ्या अदबीने विचारले, “साहेब, आमच्या नेसरीला कुठली आली सीमा?” प्रश्न रास्त होता. पण चंदगड ओलांडून घाट उतरले, की थोड्याच अंतरावर गोवा लागतो, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो गोवा परक्याचा मुलूख होता, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तेव्हा नेसरीला सीमा नाही असे म्हणता यावयाचे नाही. ती एकदा येथून जवळ होती, आता लांब गेली आहे, इतकेच.

शिवाय आजच्या विषयाचा एक धडा या गावाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच रक्ताने लिहून ठेवला आहे. १६७३ साली उमराणीच्या रणात प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडले, त्याचे पाणी तोडले. खान काकुळतीला आला, त्याने अभय मागितले आणि सरनोबतांनी त्याला जाऊ दिले. महाराजांना हे मानवले नाही. तोच खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव अवघ्या सहा साथीदारांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले. पुढचे येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. शरण आलेल्याला दिलेले अभय अंगावर येते, असे कोणी म्हटले तर नेसरीकराने त्याला वेड्यात काढू नये. त्याच्या बाजूने हा दाखला आहे.

पण दाखला नीट वाचला पाहिजे. बहलोलखान हा घरदार गमावून आलेला अनाथ नव्हता. तो हत्यारबंद सेनापती होता आणि सेनेसकट परत गेला. महाराजांचा राग दयेवर होता, की कोणाला, कशाच्या भरवशावर आणि कोणत्या अटीवर सोडले हे न पाहण्यावर होता? आमच्या मते दुसऱ्या गोष्टीवर. कारण शरण आलेल्या सामान्य रयतेस, बायकापोरांस महाराजांनी कसे वागविले, हे आम्ही आपल्याला सांगावयास नको. आज जगभर जो वाद माजला आहे तो थोड्याबहुत फरकाने हाच आहे. आश्रय द्यावा की नाही, हा त्याचा वरचा भाग. आश्रय दिला तर सीमेवरून चोरट्या वाटेने येणारे वाढतात की कमी होतात, हा खरा पोटातला प्रश्न.

याची दोन उत्तरे बाजारात मिळतात, आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक पक्ष म्हणतो, दार उघडे ठेवले की लोंढा येतो. दार लावा, लोंढा थांबेल. दुसरा म्हणतो, दार लावले म्हणूनच लोक खिडकीतून येतात. दार उघडा, खिडकी आपोआप ओस पडेल. आम्हांस दोन्ही अर्धवट वाटतात. तेव्हा मते बाजूला ठेवून आपल्याच जिल्ह्यात काय घडले ते आधी पाहू.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की वळिवडे नावाचे एक स्टेशन लागते. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत तेथे पोलंडच्या सुमारे पाच हजार माणसांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पोलंड कोठे आणि कोल्हापूर कोठे! १९३९ साली जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लक्षावधी पोलिश लोकांना रशियाने गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेले. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा रशियाला दोस्तांची गरज पडली आणि लंडनमधील पोलिश सरकारशी करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या फौजेबरोबर १९४२ साली एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांत हजारो बायकामुले होती. इराणात त्यांना कायमचे ठेवणे शक्य नव्हते. मग आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, पॅलेस्टाइन आणि हिंदुस्थान अशी त्यांची पांगापांग झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांसाठी बालाचडीला छावणी उघडली, ती गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. पण बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी वसाहत आपल्या कोल्हापूर संस्थानात होती, हे कोल्हापूरकरांनाच पुष्कळदा सांगावे लागते.

तेथे कौलारू बराकी होत्या, त्यांना चटयांचे कूड होते. शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत. आमच्या आजोबांचे एक चुलत भाऊ त्या बाजूला भाजीचा फेरा करीत. ते सांगत, की या गोऱ्या बायका आधी दुरूनच टोपलीकडे बोट दाखवीत. वर्षभरात ‘कितीला दिलं?’ असे चक्क मराठीत विचारू लागल्या आणि घासाघीसही करू लागल्या. आजोबांना त्यांच्या गोरेपणाचे नवल नव्हते, गोरे साहेब त्यांनी पाहिले होते. नवल याचे वाटे, की गोरे असून हे गरीब! आमच्या लोकांना साम्राज्याचे खरे रूप कळण्यास त्या भाजीच्या टोपलीनेही थोडी मदत केली असावी.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने या वसाहतीकडे पाहा. या पाच हजारांपैकी कोणी रात्री अंधारात सीमा ओलांडून कोल्हापुरास आला काय? नाही. प्रत्येकाचे नाव नोंदले होते. खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे पडे, सोय ब्रिटिश सरकारने पाहिली, जागा संस्थानच्या हद्दीतली. कोणी कोणाचा खर्च करायचा, किती दिवस ठेवायचे आणि लढाई संपल्यावर काय, हे प्रश्न निदान विचारले तरी गेले होते. लढाई संपली तेव्हा पोलंडात कम्युनिस्टांचे राज्य आले आणि यांतल्या पुष्कळांना परत जावेसे वाटेना. तेव्हा त्यांना जबरीने आगगाडीत बसवून धाडले नाही. ब्रिटनने १९४७ साली पोलिश लोकांच्या वसाहतीसाठी कायदाच केला. कोणी तिकडे गेले, कोणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कोणी पुढे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत. १९४८ च्या आरंभी वळिवड्याच्या बराकी रिकाम्या झाल्या.

येथे आम्हांस एक बाब अधोरेखित करावीशी वाटते. माणसे किती आली, हे हिंदुस्थानच्या उदारपणाने ठरले नाही. ते रशियाचे फाटक किती दिवस उघडे राहिले यावर ठरले. १९४२ अखेर ते मिटले, १९४३ च्या एप्रिलात पोलिश सरकारशी रशियाने संबंध तोडले, आणि जे मागे राहिले ते राहिले. वळिवड्यात खाटा कितीही वाढविल्या असत्या तरी आणखी एक पोर येऊ शकले नसते. आश्रयाच्या धोरणाने लोंढा वाढतो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की पळणाऱ्यासाठी पहिले फाटक त्याच्याच मुलखाचे असते.

तथापि हे पोलिश उदाहरण फार सोयीचे आहे, हेही आम्ही कबूल करतो. माणसे मोजकी, जहाजाने आणलेली, खर्च दुसऱ्याचा. खरी परीक्षा त्याच वेळी सुरू झाली, आणि ती आपल्या घरची होती.

फाळणीचे दुःख येथे पुन्हा उगाळत नाही. परंतु त्यातील परवान्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, तो थोडा सांगतो. फाळणीनंतर पहिले वर्षभर दोन देशांमध्ये यावयाजावयाला कागद लागत नसे. पश्चिमेकडून गेलेले काही लोक परत येऊ लागले, घरांच्या मालकीचे तंटे माजले, तेव्हा जुलै १९४८ मध्ये हिंदुस्थान सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांतच पाकिस्ताननेही तेच केले. पण पूर्व पाकिस्तानच्या बाजूला अशी अट नव्हती. झाले काय? ज्यांना परवाना मिळेना त्यांतल्या काहींनी उलटा वळसा घातला. पश्चिमेचे पूर्वेला गेले आणि तेथून आत आले. पुढचे दार लागले म्हणून माणूस हजार मैलांचा फेरा घालून परसदारी येतो, तेव्हा त्याची निकड किती असेल ते समजावे.

मग पूर्वेलाही पारपत्र बसवावयाचे ठरले. १५ ऑक्टोबर १९५२ ही तारीख जाहीर झाली. या तारखेने जे केले ते दंग्यांनीही क्वचितच केले असेल. आता येणेजाणे बंद होणार, या धास्तीने पूर्व बंगालमधील हजारो हिंदू कुटुंबे, जी अजून ‘बघू, काय होते ते’ म्हणून थांबली होती, तीच उठली आणि निघाली. दार लावण्याच्या घोषणेने आधी गर्दी झाली, मग शांतता दिसली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत पुन्हा ओघ सुरू झाला. १९५६ मध्ये स्थलांतराचे दाखले देण्याची पद्धत आली आणि ते दाखले देण्यात हात आखडता घेतला गेला. शेवटी ३१ मार्च १९५८ नंतर येणाऱ्यास निर्वासित म्हणून नोंदावयाचे नाही, असे ठरले.

हा निर्णय कागदावर फार नीटनेटका दिसतो. पण माणसे यावयाची थांबली का? नाही. ती नोंदायची थांबली. १९५८ ते १९६३ या काळात जे आले त्यांना ना छावणी, ना जमीन, ना मदत. ती मंडळी रेल्वेच्या कडेला, दलदलीत, शहरांच्या वळचणीला विरून गेली. सरकारी भाषेत १९५८ पर्यंतचे ते ‘जुने’ आणि १९६४ पासूनचे ते ‘नवे’. मधले कोणीच नव्हेत! १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात पुन्हा दंगे पेटले आणि इतकी माणसे आली, की सरकारला ते मिटलेले खाते पुन्हा उघडावे लागले. त्यांतली पुष्कळ कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीतून आपल्याच महाराष्ट्रात, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील जंगलपट्टीत आणून वसविली. आज गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात गेलात तर भातखाचरांच्या कडेला बंगाली ऐकू येते. त्यांची पोरे मराठी शाळेत शिकली. मात्र त्यांच्या आधी येऊन नोंदीवाचून राहिलेला त्यांचा एखादा भाऊबंद अजून कोठेतरी स्वतःला सिद्ध करीत असेल.

जे घडले त्याला आम्ही आपल्या ओळखीचा एक दृष्टान्त देतो. आपण हसाल, पण तो या रस्त्यावरचाच आहे. गोव्यात दारू स्वस्त, महाराष्ट्रात कर जबर. म्हणून आंबोलीच्या नाक्यावर, चंदगडच्या रस्त्यावर पोलीस आणि एक्साइजवाले गाड्या अडवितात आणि बाटल्यांची खोकी पकडल्याचे वर्तमानपत्रांत येते. एका घाटात नाका कडक झाला, की गाडी दुसऱ्या घाटाने वर येते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. (कोणाला कसे ठाऊक, ते आम्ही विचारीत नाही.) नाक्याने दारू थांबत नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नाक्याने ती महाग होते, थोडी कमीही होते, आणि आणणारा अधिक तयारीचा होतो. हौशी मागे सरतो, धंदेवाईक पुढे येतो. सीमेवर माणसांच्या बाबतीत हेच होते. फरक एवढाच, की बाटली गाडीत गुदमरत नाही.

आता थोडे बाहेरच्या जगात जाऊ. येथे आम्हांस आमच्याच मताविरुद्ध जाणारा पुरावा आधी मांडला पाहिजे. नाहीतर व्याख्यान एकतर्फी होईल.

ऑस्ट्रेलिया हा देश. इंडोनेशियाकडून लहान होड्यांत बसून अफगाण, इराणी, श्रीलंकेचे तमिळ लोक तेथे जात. २००१ मध्ये ४३ होड्यांतून साडेपाच हजार माणसे गेली. सरकारने त्यांना मुख्य भूमीवर न उतरवता नौरूसारख्या बेटांवर ठेवण्याचे धोरण काढले. दुसऱ्या वर्षी होडी आली ती एक! २००८ मध्ये ते धोरण मागे घेतले. २०१३ पर्यंत होड्या तीनशेवर गेल्या, माणसे वीस हजारांवर, आणि या काळात हजाराहून अधिक लोक समुद्रात बुडून मेले. २०१३ च्या अखेरीपासून आरमाराने होड्या परत लोटण्यास सुरुवात केली. २०१४ मध्ये पुन्हा एकच होडी. आकड्यांशी भांडण्यात अर्थ नाही. कठोर धोरणाचा परिणाम होतो, आणि जे बुडाले नाहीत तेही या हिशेबात धरले पाहिजेत.

पण ऑस्ट्रेलिया बेट आहे, आणि शेजाऱ्याकडे होडी परत लोटता येते. शिवाय तो देश दरवर्षी हजारो निर्वासितांना रीतसर, निवडून, विमानाने आणून वसवितो, ही गोष्ट त्याची वाहवा करणारे बहुधा विसरतात. आणि ज्यांना बेटांवर ठेवले त्यांतल्या कित्येकांची उमेदीची वर्षे कुंपणाआड गेली, हा खर्चही वहीत मांडावयास हवा.

युरोपचे पाहा. २०१५ साली तुर्कस्तानातून समुद्रमार्गे साडेआठ लाख माणसे ग्रीसमध्ये उतरली. मार्च २०१६ मध्ये युरोपने तुर्कस्तानशी करार केला, पैसे दिले, आणि २०१७ मध्ये हा आकडा तीस हजारांवर आला. येथेही कळसूत्र शेजाऱ्याच्या हाती राहिले. त्याने मनात आणले तर दोरी सैल सोडता येते, आणि पुढे त्याने तशी धमकी दिलीही. ब्रिटनने २०२२ च्या एप्रिलात चोरट्या होडीने येणाऱ्यास आफ्रिकेतील रवांडात धाडण्याची योजना गाजावाजाने जाहीर केली. त्याच वर्षी पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसे होड्यांतून आली, आणि २०२४ च्या जुलैत नव्या सरकारने ती योजना गुंडाळली तोवर जबरीने एकही माणूस तेथे गेला नव्हता. चौघे पैसे घेऊन आपखुशीने गेले. ज्या धाकाची अंमलबजावणी होत नाही त्याला भ्यावे कोणी?

अमेरिकेची गोष्ट आम्हांस अधिक बोधक वाटते. तेथे नियम असा, की सीमेत पाय ठेवून ‘मला आश्रय द्या’ म्हटले तर अर्जाची सुनावणी झाली पाहिजे. नियम उदात्त आहे. पण सुनावणीची न्यायालये तोकडी आणि अर्ज डोंगराएवढे; २०२४ मध्ये तेथील स्थलांतर न्यायालयांत तुंबलेल्या प्रकरणांची संख्या पस्तीस लाखांच्या वर होती. म्हणजे निकाल लागावयास वर्षानुवर्षे. आता विचार करा: ज्याचा अर्ज खोटा आहे त्याला हा विलंब हेच बक्षीस. तेवढी वर्षे तो काम करील, पैसे धाडील. आणि ज्याचा अर्ज खरा आहे त्याला तोच विलंब शिक्षा. बायकोपोरे मागे राहिली आहेत, आणि आपले काय होणार ते त्याला ठाऊक नाही. चोरट्याला ओढ लावते ती दया नव्हे, दिरंगाई. आपल्या तालुक्याच्या कोर्टात जमिनीचा दावा चालविलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्याचा ताबा, त्याला तारखा गोड लागतात.

त्याच अमेरिकेत दोन उलटसुलट प्रयोग झाले. मार्च २०२० मध्ये साथीचे निमित्त करून सीमेवरूनच लोकांना परत लोटण्याचा हुकूम निघाला. परत लोटले तरी शिक्षा नाही, म्हणून एकच माणूस दोन-दोन, तीन-तीनदा प्रयत्न करू लागला आणि पकडल्या गेलेल्यांचा आकडा फुगला. उलट जानेवारी २०२३ मध्ये क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या चार देशांच्या लोकांसाठी जामीनदार दाखवून विमानाने येण्याची सोय केली, महिन्याला तीस हजारांपर्यंत, आणि जोडीला चोरवाटेने येणाऱ्यास परत पाठविण्याचा धाक ठेवला. त्या चार देशांचे चोरून येणारे लोक झपाट्याने घटले. ती सोय पुढे २०२५ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षी आश्रयाचे दारच जवळपास बंद झाले, आणि सीमेवर पकडले जाणाऱ्यांचा आकडा, जो डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात अडीच लाखांच्या घरात होता, तो काही हजारांवर आला. म्हणजे दार पुरते मिटूनही गर्दी घटते, हे पुन्हा कबूल. फक्त त्या बंद दाराबाहेर खरोखरीचा जिवावरचा माणूस किती होता, ते मोजण्याची सोय दाराबरोबरच गेली.

या प्रश्नाशी आपला संबंध केवळ घरमालकाचा नाही, पाहुण्याचाही आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले आणि त्यातून बेड्या घालून आणलेले १०४ हिंदी लोक खाली आले. बहुतेक पंजाब, हरयाणा आणि गुजरातचे. पण तिघे महाराष्ट्राचेही होते. ज्याला ‘डंकी’चा मार्ग म्हणतात, त्या मार्गाने देशोदेशींच्या जंगलांतून दलालाच्या भरवशावर ही माणसे जातात. २०२२ च्या जानेवारीत कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवर बर्फात एक गुजराती कुटुंब गोठून मेले. त्यांत दोन लहान मुले होती. यांना कोणी छळले नव्हते. ते पोटासाठी, प्रतिष्ठेसाठी निघाले होते, आणि तेथे पोहोचल्यावर काय बोलावयाचे ते दलालाने पढविलेले असते: आश्रय मागा. कामाचा परवाना मागण्याची खिडकी जवळजवळ बंद, आश्रयाची उघडी, म्हणून सगळी रांग त्या एका खिडकीशी. त्या रांगेत खरा छळलेला माणूस चेंगरतो.

आता आपल्या सरकारकडे येऊ. १९५१ साली निर्वासितांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे दोन कणे आहेत: छळाच्या ठिकाणी कोणाला परत ढकलावयाचे नाही, आणि जिवाच्या भयाने थेट पळून आलेल्याला केवळ कागद नव्हता म्हणून शिक्षा द्यावयाची नाही. या करारावर भारताने सही केलेली नाही. फाळणीचे ओझे वाहताना युरोपपुरता विचार केलेल्या कराराबद्दल आपल्याला आस्था वाटली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण आपला स्वतःचा आश्रयाचा कायदाही आपण केला नाही. १९४६ च्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात निर्वासित हा वेगळा माणूसच नव्हता, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आश्रय मागावा कसा, याची वाट घालून दिलेली नाही. जे आहे ते सवलतीचे आहे. तिबेटी आले, त्यांना नोंदणीचा दाखला आणि जमीन दिली. आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यात मुंडगोडला आणि विदर्भात गोठणगावला त्यांच्या वसाहती आहेत. थंडीत स्वेटर विकावयास येणारे ते हेच. १९७१ मध्ये सुमारे एक कोट माणसे आली, आपण टपालाच्या प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावले, आणि बांगलादेश स्वतंत्र होताच काही महिन्यांत त्यांतले बहुतेक परत गेले. श्रीलंकेच्या तमिळांना तमिळनाडूत छावण्या मिळाल्या. म्हणजे हात आखडता नव्हता. पण हे सारे त्या त्या वेळच्या मर्जीने, कायद्याने नव्हे. रोहिंग्यांच्या वाट्याला ती मर्जी आली नाही.

मर्जी चालते ती तारखांवर. आसामसाठी २४ मार्च १९७१. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०१४, तीही तीन देशांच्या आणि ठरावीक धर्मांच्या लोकांपुरती. मग २०२५ मध्ये त्यांच्यातल्याच, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदांबाबत माफी. हेतू कोणताही असो, प्रत्येक तारीख येणाऱ्याला दोन गोष्टी सांगते: एक, आता उशीर झाला, दोन, थोडे थांब, पुढची तारीख येईल. धर्म पाहून भेद करावा की नाही, याविषयी या सभेत दोन मते असतील. आमचे मत असे, की छळ कोणाचा झाला ते पाहावे. त्याचे देऊळ की मशीद ते नंतर. पण तो वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी तारखांच्या या कारभाराने चोरवाट बंद होत नाही, एवढे १९५२ आणि १९५८ ने दाखविले आहे.

कायदा नसल्याचा जाच परक्यालाच होतो असेही नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी समजून पकडले आणि सीमेपलीकडे ढकलले. ती भारतीय निघाली, त्यांना परत आणावे लागले. छाननीवाचून दार लावले, की घरचा माणूस बाहेर राहतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे. आश्रय मागण्याची जागा उघड असावी, आणि ती सीमेपाशी किंवा शक्य तर सीमेच्याही अलीकडे, परक्या मुलखातील आपल्या वकिलातीत असावी. २००३ पासून काठमांडूत तिबेट्यांना प्रवेशाचे खास परवाने दिले जात, तो नमुना आपल्याजवळ आहे. आलेल्याची नोंद त्याच दिवशी व्हावी आणि निकाल महिन्यांत लागावा, वर्षांत नव्हे. स्वित्झर्लंडने २०१२ मध्ये ज्या देशांत छळ नाही अशा देशांच्या अर्जांचा निकाल अठ्ठेचाळीस तासांत लावण्याची पद्धत सुरू केली आणि पोकळ अर्ज चटकन घटले. आणि अर्ज फेटाळला, तर परत पाठविले पाहिजे. हे शेवटचे वाक्य दयाळू लोकांना कडू लागते, आणि पहिली दोन कठोर लोकांना. पण यांतले एक काढले की बाकीची दोन कोसळतात.

वेळ होत आली आहे आणि अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या पुढे केल्या आहेत. पहिलीत लिहिले आहे, ‘बोलणे सोपे आहे, यांना तुमच्या शेजारी आणून बसविले तर?’ उत्तर देतो. वळिवड्याच्या ज्या बराकी पोलिश लोकांनी सोडल्या, त्यांत १९४८ मध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा दिली. तेच आजचे गांधीनगर. आमच्या घरातल्या दोन लग्नांचा बस्ता तेथेच बांधला, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांनीही बहुधा तेथेच बांधला असेल. पहिल्या पिढीत कुरबुरी झाल्या, बाजारात चढाओढ झाली. ते सारे आम्ही ऐकले आहे. झाले नाही असे म्हणत नाही.

दुसरी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली आहे. ‘एक एजंट चाळीस लाखांत अमेरिकेला पोचवितो म्हणतो. जमीन गहाण टाकून जावे का? पोचल्यावर आश्रय मिळतो असे तो सांगतो.’ नाव नाही. मिळत नाही, असे आमचे उत्तर आहे. या घडीला तेथे ते दार बंद आहे, आणि उघडे असते तरी आपला छळ झाला हे आपण सिद्ध करू शकणार नाही. परदेशी नोकरीस माणसे धाडणाऱ्या एजंटास १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते. तिचा क्रमांक मागा, आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कचेरीत तो खरा आहे का ते विचारा. गहाणखतावर सही करू नका. ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याने सभा संपल्यावर आम्हांस अवश्य भेटावे. आम्ही आज रात्री येथेच मुक्कामाला आहोत, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघणार आहोत.